चाकांवरचे बिऱ्हाड

दसरा सरला की आमच्या भागातील रस्त्यांवर एक वेगळीच रहदारी सुरू होते. पुढे ट्रॅक्टर आणि मागे ट्रॉली. कधी एकामागे एक अशा दोन ट्रॉल्या. ट्रॉलीत उलट्या ठेवलेल्या बाजा, पत्र्याची पेटी, बाजरीची पोती, पाण्याचा पिंप, कोपीसाठी बांबू आणि ताडपत्री, डालग्यात कोंबड्या, कोपऱ्यात बांधलेली एखादी शेळी. या सगळ्या पसाऱ्यावर माणसे बसलेली असतात. म्हाताऱ्या बायका डोक्यावरचा पदर घट्ट धरून बसतात. तान्ही मुले आईच्या मांडीवर झोपलेली असतात. मोठी मुले मात्र मागच्या फाळक्यावर हनुवटी टेकून मागे पळणारा रस्ता पाहत असतात.

हे ऊसतोडणी कामगार. धाराशिव जिल्ह्याच्या कळंब, वाशी, भूम अशा तालुक्यांतून दर वर्षी हजारो माणसे साखर कारखान्यांकडे जातात. कोणी जिल्ह्यातच राहतात, कोणी सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडे जातात, तर कोणी थेट कर्नाटकात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गेलेली ही मंडळी मार्च-एप्रिलमध्ये परततात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ समजला जातो. मुकादम त्यांना आधीच उचल देतो आणि ती फिटेपर्यंत ऊस तोडावा लागतो.

मी कळंब तालुक्यातील एका उर्दू शाळेत शिकवतो. आमच्या शाळेतील काही घरेही या कामाला जातात. एकदा वर्गात मी एका मासिकातले रंगीत चित्र दाखवले. चित्रात अमेरिकेतील एक मोठी पिकअप गाडी होती आणि तिच्या मागे चाकांवरचे घर जोडलेले होते. घराला दार होते, खिडक्या होत्या, खिडक्यांना पडदे होते. सहावीतील एक मुलगी चित्राकडे बराच वेळ पाहत राहिली. मग तिने विचारले, “सर, हे लोक कोणत्या कारखान्याला चाललेत?”

वर्गात कोणी हसले नाही. प्रश्न सगळ्यांना रास्तच वाटला.

मी सांगितले की ते लोक सुटी घालवायला निघाले आहेत. आतमध्ये पलंग आहे, गॅसची शेगडी आहे, पाण्याची टाकी आहे. रात्र होईल तिथे ते गाडी उभी करतात आणि आपल्याच घरात झोपतात. मुलांना ही गोष्ट फारशी पटली नाही. बिऱ्हाड गाडीला जोडून कोणी मजेसाठी कशाला हिंडेल? पण मुलग्यांचे लक्ष लवकरच गाडीकडे गेले. “सर, ती किती एचपीची?” “आपल्या ट्रॅक्टरपेक्षा जास्त ओढते का?”

प्रश्न चांगला होता. तसल्या दणकट पेट्रोल पिकअपची शक्ती चारशे अश्वशक्तीच्या आसपास असते. आपल्याकडे ऊस ओढणारा ट्रॅक्टर साधारण ४५ ते ५५ अश्वशक्तीचा. म्हणजे पिकअप सात-आठ पट ताकदवान झाली. तरीही ती तीन-चार टनांचे घर ओढते, आणि आपला ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांत मिळून पंधरा-वीस टन ऊस ओढतो. हे कसे? यातील गोम वेगात आहे. पिकअपला ते घर ताशी ८०-९० किलोमीटर वेगाने न्यायचे असते. ट्रॅक्टर गिअरच्या साहाय्याने वेग सोडून देतो आणि त्याच्या बदल्यात जोर घेतो. मोठी मागची चाके हळूहळू फिरतात, पण जमीन घट्ट धरतात. विहिरीवरच्या रहाटाने जड बादली सावकाश वर यावी, तसाच हा हिशेब आहे.

मुले खूश झाली. आपला ट्रॅक्टर जिंकला होता. मी घरी आल्यावर हा किस्सा मामूंना सांगितला. माझे मामू तीस वर्षे ट्रॅक्टर चालवतात. घरी आम्ही दखनीत बोलतो. त्यांचे म्हणणे मी मराठीत सांगतो. ते म्हणाले, “बेटा, ओढण्याचं कौतुक पोरांना सांगू नकोस. ओढायला बैलही ओढतो. भरलेली ट्रॉली थांबवायची कशी, ते सांग.”

दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत मुले आगगाडीचा खेळ खेळत होती. एकाच्या कमरेला दुसऱ्याने धरायचे, दुसऱ्याच्या कमरेला तिसऱ्याने. आठ मुलांची गाडी धावत होती. मी पुढच्या मुलाला हाक मारली, “थांब!” तो थांबला, पण मागचे सात जण थांबले नाहीत. सगळे धूळ झटकत उठले, तेव्हा मी म्हणालो, “पुढचा होता ट्रॅक्टर, आणि मागचे सात म्हणजे ट्रॉली.”

खरोखर प्रमाणही जवळजवळ तेच आहे. ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन दोन-अडीच टन असते. मागे पंधरा टन असले म्हणजे एका मुलामागे सहा-सात मुले झाली. त्यात आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांना ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात आणि बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतातच. मागचे सगळे वजन त्या दोन चाकांनी अडवायचे. उतारावर ब्रेक जोरात दाबला, तर ट्रॅक्टरची चाके थांबतात, पण ट्रॉली मागून ढकलतच राहते. ट्रॅक्टर आडवा होतो आणि ट्रॉली त्याच्यावर येते. शिवाय ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या चाकाचे ब्रेक वेगवेगळे असतात. शेतात वळताना ते उपयोगी पडतात. रस्त्यावर मात्र दोन्ही पायटे कडी लावून जोडलेलेच असले पाहिजेत. नाहीतर एकच चाक अडते आणि ट्रॅक्टर गर्रकन फिरतो.

वेगाची गोष्ट तर मुलांनी गणिताच्या वहीत लिहून घेतली. वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारे अंतर दुप्पट नाही, चौपट होते. समजा, ताशी १० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक लावल्यावर ५ मीटरवर थांबते. तीच गाडी २० च्या वेगाला २० मीटर घेईल आणि ३० च्या वेगाला ४५ मीटर. आमच्या वर्गाच्या भिंतीपासून शाळेच्या फाटकापर्यंत मुलांनी पावलांनी ४५ मीटर मोजले. फाटक ओलांडून ती रस्त्यावर गेली.

मामूंचे काही नियम आहेत. घाट ज्या गिअरमध्ये चढायचा, त्याच गिअरमध्ये उतरायचा. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करायची नाही. कारण मग इंजिनाची अडवणूक संपते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापले की पकड सोडतात. गिअर उताराच्या आधीच टाकायचा, मध्येच बदलायला जायचे नाही. माल ट्रॉलीत कुठे ठेवायचा, याविषयीही ते फार काटेकोर आहेत. दोन चाकांच्या ट्रॉलीत जड सामान अगदी मागे ठेवले, तर ट्रॉलीचा दांडा वर उचलू पाहतो आणि ट्रॉली शेपटी हलवू लागते. सगळेच पुढे ठेवले, तर चढावर ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकत नाही. गंमत म्हणजे अमेरिकेतील त्या घराचाही नियम हाच आहे. घराच्या एकूण वजनापैकी शेकडा १० ते १५ एवढे वजन जोडणीच्या हुकावर यावे, असे तिथे सांगतात. मामूंनी ते कुठे वाचलेले नाही. ते पोती रचतात आणि दांडा हाताने उचलून पाहतात.

आता त्या हुकाविषयी. ट्रॉलीचा दांडा ट्रॅक्टरच्या हुकात बसवून वरून लोखंडी पिन टाकतात. पिन उडून बाहेर येऊ नये म्हणून तिच्या खालच्या टोकाला एक छोटी क्लिप लावतात. एवढ्याशा क्लिपवर सगळे बिऱ्हाड चाललेले असते. ती हरवली की कोणी तार गुंडाळतो, कोणी खिळा वाकवून घालतो. पिन निघाली आणि गाडी चढावर असली, तर ट्रॉली माणसांसकट मागे धावते. तिला थांबवणारे कोणी नसते.

परदेशातील चाकांवरच्या घराला मात्र स्वतःचे ब्रेक असतात. चालकाने पुढे ब्रेक दाबला की मागच्या घराचेही ब्रेक लागतात. त्याला एक बारीक तारही जोडलेली असते. घर गाडीपासून सुटले, तर ती तार ओढली जाते आणि घराचे ब्रेक आपोआप लागतात. ही युक्ती काही नवी नाही. कुर्डुवाडीहून लातूरला जाणारी रेल्वे आपण सगळ्यांनी पाहिली आहे. त्या गाडीच्या इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत हवेची नळी जोडलेली असते. डबे मध्येच सुटले, तर नळीतील हवा निघून जाते आणि दोन्ही बाजूंच्या डब्यांचे ब्रेक लागतात. जॉर्ज वेस्टिंगहाउस या अमेरिकन माणसाने १८७२ साली ही रीत शोधून काढली. दीडशे वर्षे उलटून गेली. रेल्वेच्या प्रत्येक डब्याला ब्रेक आहे, आणि ज्या ट्रॉलीत आमची मुले बसतात तिला नाही. खरे म्हणजे ट्रॉली माणसे नेण्यासाठी नसतेच, कायदाही तिला तशी परवानगी देत नाही. पण भांडी, शेळी, बाजरी आणि तान्हे मूल यांच्यासह शंभर-दोनशे किलोमीटर जायचे, तर दुसरी कोणती गाडी मुकादम पाठवणार आहे?

येडशीहून बार्शीकडे जाताना रामलिंगचा घाट लागतो. बालाघाटचे पठार तिथे संपते आणि रस्ता वळणे घेत खाली उतरतो. भोवती अभयारण्याची झाडी आहे, माकडे रस्त्याच्या कडेला बसलेली असतात. घाटाच्या तोंडाशी मामू ट्रॅक्टर उभा करतात, चाकाखाली दगड लावतात आणि सांगतात, “सगळे खाली उतरा. घाट पायी.” पहिल्यांदा माणसे कुरकुरतात. पहाटेची थंडी असते, मुले झोपेत असतात. एकदा एक म्हातारी म्हणाली, “आरं बाबा, सामान घेऊन चाललास आणि माणसं टाकून?” मामू म्हणाले, “सामान पुन्हा घेता येतं, मावशी.” मग ती काठी टेकत सगळ्यांच्या पुढे चालू लागली.

शाळेचे बोलायचे, तर नोव्हेंबरात बाके रिकामी होतात. आजी-आजोबा गावी असले, तर काही मुले त्यांच्याजवळ राहतात. हंगामी वसतिगृहाची योजना आहे, तिचाही काहींना आधार मिळतो. पण धाकटे भावंड सांभाळायला कोणी लागतेच, आणि ते काम बहुधा मुलीकडे येते. चित्र पाहून प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीचेही तसेच झाले. तिच्या थोरल्या भावाला आजीजवळ ठेवले आणि ती दीड वर्षाच्या भावाला कडेवर घेऊन गेली. जाताना मी तिला मराठीचे पुस्तक आणि दोन वह्या दिल्या. ट्रॅक्टर मामूंचा होता, त्यामुळे मला थोडी कमी काळजी वाटली.

एप्रिलमध्ये ती परत आली. एका वहीत तिने धडे उतरवले होते. दुसऱ्या वहीत सामानाची यादी होती, उसाच्या मोळ्यांचा हिशेब होता आणि घाटात दिसलेल्या माकडांची संख्याही होती : २३. तिने चालत मोजली होती.

“येतानाही घाट पायी चढलात का?” मी विचारले.

“नाही सर. येताना दुसराच ट्रॅक्टर होता. त्यानं उतरवलंच नाही. भाऊ माझ्या मांडीवर होता.”

“पिनला क्लिप होती?”

“मी वाकून बघितलं सर,” ती म्हणाली. “तार होती.”