डोंगरावर मुलींचे काय काम?

उमऱ्याहून परतलेल्या माणसांकडे मुबारकबाद द्यायला गेले की तवाफ आणि झमझमनंतर गोष्ट निघते ती गारे-हिराची. मक्केजवळचा जबले-नूर सुमारे 640 मीटर उंच. वर जायला पायऱ्या आहेत, तरी चढ छातीवर येतो. साठी ओलांडलेल्या, गुडघेदुखीने बेजार झालेल्या आमच्या मोहल्ल्यातल्या खाला आणि फुप्पू तो चढून आल्याचे कौतुकाने सांगतात. त्याच घरांत आम्ही शिक्षक शाळेच्या सिंहगड सहलीचा फॉर्म घेऊन जातो, तेव्हा ऐकायला मिळते, ‘लडकी जात, पहाड पे क्या काम?’

इबादत आणि शौक एक नव्हे, हे आम्हालाही कळते. पण चढणारे पाय तेच असतात.

आपण राहतो ते पुणे गिर्यारोहकांचे शहर आहे. 1998 साली पुण्याचे सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोहोचले. 19 मे 2012 रोजी उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखालच्या ‘गिरिप्रेमी’च्या मोहिमेतले आठ जण 8,848 मीटरवर उभे राहिले. 2019 मध्ये याच संस्थेचे दहा जण कांचनगंगेवर गेले. कॅम्प, कोंढवा, गंजपेठेतल्या किती घरांत ही नावे माहीत आहेत? आम्ही वर्गात विचारले, तर एकही हात वर आला नाही.

मग आम्ही रफिक शेख यांची गोष्ट सांगितली. औरंगाबादचे हे पोलीस शिपाई 2014 मध्ये एव्हरेस्टसाठी गेले, त्या वर्षी खुंबूच्या हिमप्रपातात बर्फ कोसळून 16 नेपाळी कामगार दगावले आणि मोहिमा थांबल्या. 2015 मध्ये पुन्हा गेले, तेव्हा नेपाळात भूकंप झाला. तिसऱ्यांदा, मे 2016 मध्ये, त्यांनी शिखर गाठले. वर्ग एकदम गप्प झाला. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, ‘टीचर, औरतों में कोई?’ आहेत. ज्या दिवशी पुण्याचे आठ जण माथ्यावर होते, त्याच दिवशी बांगलादेशच्या निशात मजुमदारही तेथे पोहोचल्या. 2013 मध्ये सौदी अरबच्या राहा मुहर्रक आणि पाकिस्तानच्या समीना बेग यांनी एव्हरेस्ट सर केले. राहा यांना आधी वडिलांना राजी करावे लागले होते. हे ऐकून मुली हसल्या. हिमालयापेक्षा त्यांना ते काम अवघड वाटले असावे.

गेल्या डिसेंबरात सिंहगडासाठी आम्ही 42 फॉर्म वाटले. सह्या होऊन 19 आले. पालकांचे प्रश्न आम्ही वहीत लिहून ठेवले होते. सोबत बायका किती? परत किती वाजता? बाथरूमची सोय? स्कार्फ काढायला सांगतील का? खाणे कुठले? सगळे रास्त प्रश्न आहेत आणि आईबापांनी विचारायलाच हवेत. पण डोंगराविषयी त्यांत एकही नव्हता. बूट कसले, पाणी किती, पाय मुरगळला तर उतरवणार कसे, हे कोणी विचारले नाही. भीती माणसांची होती, लोक काय म्हणतील याची होती.

आम्ही दोन अम्मींनाच सोबत घेतले. आतकरवाडीतून वाट सुरू होते आणि चढ साधारण सहाशे मीटरचा आहे. दोघींपैकी एकीने अर्ध्या वाटेत दगडावर बसकण मारली, ‘तुम लोग जाओ’ म्हणाली, आणि पाच मिनिटांनी लिंबूसरबत पिऊन पुन्हा उठली. पुणे दरवाजाशी पोहोचल्यावर तिने आधी घरी फोन लावला. गडावर भाकरी, पिठले आणि मडक्यातले दही खाल्ले. नमाजेला उशीर नको म्हणून वेळेत उतरलो. अल्हम्दुलिल्लाह, कोणाला खरचटलेही नाही.

सिंहगड म्हणजे हिमालय नव्हे, हे मुलींनाही आम्ही बजावले. आठ हजार मीटरवर दर श्वासाला मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या सुमारे एक तृतीयांश असतो. म्हणून गिर्यारोहक वरच्या तळावर जाऊन पुन्हा खाली येतात, शरीराला सवय करतात, यात आठवडेच्या आठवडे जातात. ज्याला सब्र नाही त्याने तेथे जाऊ नये. जान ही अल्लाहची अमानत आहे, असे वडीलधारे म्हणतात तेव्हा आम्ही वाद घालत नाही. अमानत सांभाळायची तर शिकूनच जावे लागते. त्यासाठी दार्जिलिंगला 1954 पासून आणि उत्तरकाशीला 1965 पासून गिर्यारोहणाच्या संस्था आहेत. तेथला पहिला अभ्यासक्रम साधारण चार आठवड्यांचा असतो. पावसाळ्यात धबधब्याच्या कडेला सेल्फी काढणाऱ्या पोरांना घरची इजाजत लागत नाही, आणि खरा धोका तेथेच असतो, हे जाता जाता सांगून ठेवतो. मोठ्या मोहिमेचा खर्च मात्र आपल्या आवाक्याबाहेरचा आहे. एव्हरेस्टच्या नुसत्या परवान्याचे शुल्क आता 15 हजार डॉलर आहे.

सिंहगडाच्या गटातल्या एका मुलीला आता कातळावर दोराने चढायला शिकायचे आहे. शिबिर शहराजवळच, दोन दिवसांचे आणि फक्त मुलींसाठी. तिचे अब्बू गॅरेज चालवतात. गेल्या जुम्याला संध्याकाळी आम्ही दोघे त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चहा मागवला, फॉर्म दोनदा वाचला आणि विचारले, ‘रस्सी कितना वजन उठाती है?’

आम्ही शिबिराच्या प्रशिक्षिकेला फोन लावून दिला. त्यांचे बोलणे संपेपर्यंत चहा दुसऱ्यांदा आला होता.