नववा महिना आणि एक जुनी समजूत

अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून गर्भारपणाचा अखेरचा टप्पा सुरू होतो, असे दवाखान्याच्या फाईलमध्ये लिहिले होते. घरात मात्र त्याची सुरुवात डोहाळजेवणाने झाली. हिरवी साडी, फुलांची वाडी, भरलेली ओटी आणि ओटी भरणाऱ्या प्रत्येकीकडून हलक्या आवाजात एक सल्ला! त्यांतील बरेच सल्ले पुढे उपयोगी पडले. एक मात्र घातक ठरला असता. त्याविषयीच हे लेखन.

आठव्या महिन्यात शरीर जणू दुसऱ्याच्या मालकीचे झाले. जिना चढताना धाप लागे, छातीत जळजळे, रात्री पोटऱ्यांत गोळे येत आणि तासातासाला लघवीसाठी उठावे लागे. वाढणारे गर्भाशय वर जठराला आणि खाली मूत्राशयाला दाबते, म्हणून हे सारे होते, असे डॉक्टरांनी समजावून सांगितले. एका वेळी पोटभर न जेवता थोडे थोडे, अनेकदा खायचे होते. आमच्याकडे सूर्यास्तापूर्वीच जेवणे आटोपतात. त्यामुळे रात्र फार लांब वाटे. मी काही बोलले नव्हते. तरी एके रात्री सासूबाईंनी उशाशी दुधाचा पेला आणि राजगिऱ्याचे दोन लाडू आणून ठेवले. म्हणाल्या, "पोटातल्या जिवाला दिवस-रात्र कुठे कळते?" त्या एका वाक्याने मनावरचे ओझे उतरले.

उताणे झोपायचे नाही, कुशीवर झोपायचे, हेही याच काळात शिकले. उताणे झोपल्यास गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिन्यांवर पडतो. अधूनमधून पोट दगडासारखे घट्ट होई आणि विश्रांती घेतली की सैल पडे. या खोट्या कळा. खऱ्या कळा नियमित येतात, त्यांच्यातील अंतर कमी होत जाते आणि विश्रांतीने त्या थांबत नाहीत.

पहिले बाळंतपण माहेरी, या रीतीप्रमाणे मी आईकडे आले. आठवा महिना संपत आला होता. एके दिवशी संध्याकाळी जाणवले की, बाळ सकाळपासून फारसे हललेलेच नाही. रोज जेवणानंतर ते हमखास ढुशा देई. त्या दिवशी जेवण झाले, डाव्या कुशीवर बराच वेळ पडून राहिले. पण पोट मुकेच होते. थोरली मावशी घरीच होती. ती म्हणाली, "अगं, नववा लागताना बाळ शांतच होतं. जागा उरत नाही त्याला. सकाळी बघू." मलाही ते पटवून घ्यायचे होते. रात्रीचे नऊ वाजले होते, बाबा नुकतेच कामावरून थकून आले होते आणि उगाच सर्वांची धावपळ करण्याचा संकोच वाटत होता.

आई काहीच बोलली नाही. तिने कपाटातून माझी फाईल काढली आणि चपला पायात सरकवल्या. "ऊठ," एवढेच म्हणाली.

रुग्णालयात पोटाला पट्टे बांधून बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढला. ठोके ऐकू आले तेव्हा मला रडू फुटले. सोनोग्राफीत गर्भजल कमी झालेले आढळले. मला तेथेच देखरेखीखाली ठेवले आणि सदतीस आठवडे पूर्ण होताच कळा आणून प्रसूती केली. मुलगी वजनाने थोडी कमी होती. पण खणखणीत रडली.

त्या पहिल्या रात्री, रुग्णालयातील बाकावर, आईने मला आयुष्यात प्रथमच सांगितले, "तुझ्या आधी एक होतं गं. तेव्हाही सगळे म्हणाले होते, शांत झालंय. मीही सकाळची वाट पाहिली." पुढे ती काही बोलली नाही. मीही विचारले नाही.

भगिनींनो, शेवटच्या महिन्यांत हालचालीचे स्वरूप बदलते. लाथांऐवजी बाळ वळल्यासारखे, सरकल्यासारखे वाटू लागते. परंतु हालचाल कमी होणे हे स्वाभाविक नव्हे. ती कमी वाटली तर सकाळची वाट पाहू नये. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांसमोर अंधारी, चेहऱ्यावर व हातांवर अचानक सूज, बरगडीखाली दुखणे, ताप, रक्तस्राव किंवा पाणी जाणे, यांपैकी काहीही झाले तरी तत्काळ दवाखाना गाठावा. अडचणीच्या वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला शासकीय आरोग्य केंद्रांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. तिचाही लाभ घ्यावा. तपासून सारे ठीक निघाले, तर लाज कसली? समाधानाने घरी परतावे.

गेल्या महिन्यात माझ्या वहिनीचे डोहाळजेवण झाले. माझी मुलगी मावशीच्या मांडीवर बसली होती. तिला खाली ठेवून मावशी ओटी भरायला उठली आणि वहिनीजवळ वाकून म्हणाली, "बाळाच्या हालचालीकडे लक्ष ठेव हो. कमी वाटली, तर रात्री-अपरात्री कुणालाही उठव."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने पदराने डोळे टिपले आणि पानांची तयारी पाहायला आत निघून गेली.