नजर: बोलणाऱ्याची सोबतीण

तिला आवाज नाही, पण कल्याणच्या पुढे विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात दिवसभर सगळ्यांत जास्त बोलते ती तीच. सकाळच्या लोकलमध्ये तिचं काम सुरू होतं. दोन सीटांच्या मधे उभा असलेला माणूस बसलेल्याकडे बघतो, भुवई किंचित वर जाते. बसलेला म्हणतो, "ठाणे." जागेचा व्यवहार पक्का. मागून तिसरा कुणी सरकला, तर ही जागा बोललेली आहे हे त्याला तीच सांगते.

व्यवहार झाला की ती अंग चोरून घेते. खिडकीबाहेर जाते, पंख्याकडे जाते, मोबाइलमध्ये शिरते. समोरच्या चेहऱ्यावर तेवढी थांबत नाही. गुडघ्याला गुडघा लागलेला असतो, तरी डोळे भेटत नाहीत. याला कुणी तुसडेपणा म्हणतं, मला तो तिचा समजूतदारपणा वाटतो. गेओर्ग झिमेल या जर्मन विचारवंताने 1908 मध्ये लिहून ठेवलं आहे की बस, रेल्वे, ट्राम येण्याआधी माणसांवर एकमेकांसमोर न बोलता तासन्‌तास बसण्याची वेळच आली नव्हती. आपल्याकडे गाडी 1853 मध्ये ठाण्याला आणि पुढच्याच वर्षी कल्याणला आली. तेव्हापासून नजर ही रीत शिकते आहे. गर्दीत अंगाला जी मोकळीक मिळत नाही, ती नजर देते.

सगळ्याच नजरा इतक्या शहाण्या नसतात. प्लॅटफॉर्मवरून चालणाऱ्या मुलीला विचारा. कोणती नजर बघून पुढे जाते आणि कोणती चिकटून राहते, हे तिला मान न वळवता कळतं. नजरेचं हे रूप लपवून तिचं चित्र काढणं खोटेपणाचं होईल.

उल्हासनगरात ती वेगळी वागते. फाळणीत सिंधमधून आलेली कुटुंबं कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत राहिली, 1949 मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर नाव मिळालं, आणि पत्ता सांगताना अजूनही कॅम्पचा नंबर सांगतात. सगळं मागे टाकून आलेल्या या माणसांनी बाजार उभा केला. भाषा सिंधी, गिऱ्हाईक मराठी. सुरुवातीची कितीतरी बोलणी नजरेनेच निभावली असणार. आजही साडीच्या दुकानात गादीवर ढीग पडलेला असतो, बाई म्हणतात, "ही नको, दुसरी दाखवा," आणि डोळे पुन्हा त्याच काठाकडे जातात. मुरलेला दुकानदार ती साडी न बोलता बाजूला ठेवतो. म्हणून तर आई मुलीला दुकानाच्या पायरीवरच बजावते, "आवडली तरी बघत राहू नकोस गं."

घरात या नजरेची फार ओढाताण होते. वडील रागावले की म्हणतात, "मान वर करून बोलतोस?" आणि तोच मुलगा शाळेत खाली बघून उत्तर देऊ लागला की बाई म्हणतात, "माझ्याकडे बघून बोल." घरी जो उद्धटपणा, तो शाळेत आत्मविश्वास. यातून गोंधळलेलं मूल पुढे मुलाखतीला गेलं की त्याला सांगतात, समोरच्याच्या डोळ्यांत सतत बघत राहा.

हा सल्ला चुकीचा आहे. अभ्यासक अॅडम केंडन यांनी 1967 मध्ये दोघांच्या संभाषणातली नजर बारकाईने तपासली. लांब बोलायला सुरुवात करताना माणूस बहुधा नजर काढून घेतो, मनात शब्द जुळवतो, आणि बोलणं संपत आलं की ती समोरच्याकडे परत आणतो. आता तुम्ही बोला, हे सांगायला वेगळा शब्द लागत नाही. बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाराच जास्त बघत असतो. म्हणजे नजर ही आधी ऐकणाऱ्याची.

काही वेळा तर तिने बाजूला व्हावं, हेच बरं. अंबरनाथच्या शिवमंदिरात शके 982चा, म्हणजे इ.स. 1060चा शिलालेख आहे. गाभारा मंडपापेक्षा खोल, पायऱ्या उतरून जावं लागतं. खाली पिंडी. तिला डोळे नाहीत, उलटून बघणारं कुणी नाही. घरात कुणाजवळ न काढलेलं दुःख माणसं तिथे बोलून टाकतात. तसंच काही मुलांना, विशेषतः स्वमग्न मुलांना, डोळ्याला डोळा देणं खरोखर जड जातं. ती खिडकीकडे बघत बोलत असतील, तर बोलू द्यावं.

व्यासपीठावर मात्र नजर नसेल तर बोलणं कोरडं पडतं. कीर्तनकार बुवांकडे बघा. एक डोळा मृदंगावर, एक समोरच्या मंडळींवर. मागच्या रांगेतल्या आजोबांनी कानामागे हात नेला की आवाज चढतो, पोरं चुळबुळायला लागली की गोष्ट सुरू होते. बुवा नजरेने श्रोत्यांना बांधून ठेवत नाहीत, त्यांच्याकडून पुढचं वाक्य घेतात. उलट वक्तृत्व स्पर्धेतलं मूल छताकडे बघत पाठ केलेलं भाषण म्हणतं. कारण त्याला शिकवलेलंच असतं, "भीती वाटली तर मागच्या भिंतीकडे बघ." भिंत हसत नाही, कंटाळत नाही, तिला काही कळलं नाही तरी ती कपाळाला आठी घालत नाही. तिच्याकडे बघून कुणी वक्ता झालेला नाही. एका चेहऱ्यावर एक वाक्य पुरं करावं, मग दुसऱ्याकडे जावं. मुलाला एवढं शिकवलं तरी पुरे.

बदलापूर-अंबरनाथच्या शाळांना आणि गणेशोत्सव मंडळांना एक विनंती. यंदाच्या स्पर्धेत श्रोत्यांवरचे दिवे मालवू नका, आणि पहिली रांग पाहुण्यांऐवजी मुलांच्या मित्रमैत्रिणींना द्या. बोलणाऱ्या मुलाला समोर ओळखीचे चेहरे दिसू द्या.