गाडीतला टेप आणि आबांचा आवाज

गाडीला टेप बसवायचा म्हटले की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, "आवाज किती मोठा येईल?" मीही त्या वेळी वायरमनला हाच प्रश्न विचारला होता. तार कुठून घेतली, फ्यूज कुठे आहे, टेप चोरीला गेला तर काय करायचे, यातले काहीच विचारले नाही. त्या न विचारलेल्या प्रश्नांची किंमत मला पुढे मोजावी लागली. आपल्या वाड्यावाड्यांतली कितीतरी मुले आज रिक्षा, टेम्पो, जीप चालवून घर चालवतात. त्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी वाचावे म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

आमचे गाव रत्नागिरी तालुक्यात, पालीच्या बाजूला. आबा मुंबईला गोदीत कामाला होते. निवृत्त होऊन गावी आले ते डफ घेऊनच आले. गाणी स्वतःच जुळवायचे आणि जयंतीला वाडीत म्हणायचे. कागदावर फारसे काही लिहिलेले नव्हते, सगळे तोंडपाठ. १४ एप्रिल १९९१ रोजी बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीनिमित्त वाडीत मोठा कार्यक्रम झाला. माझा थोरला भाऊ मुंबईहून टू-इन-वन घेऊन आला होता. त्याने तो मंडपाच्या कडेला खुर्चीवर ठेवला आणि नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर आबांची गाणी उतरवून घेतली. दोन्ही बाजू भरल्या. दुसऱ्या बाजूच्या अगदी शेवटी गाणे थांबते, पोरांचा गलका ऐकू येतो आणि आबा आयेला म्हणतात, "अगो, जरा पानी दे गो." भांड्याचा आवाज येतो आणि खट करून पट्टी संपते.

१९९३ च्या पावसाळ्यात आबा गेले.

त्या काळात कॅसेट म्हणजे आपल्या वस्तीचे वाचनालयच होते. वामनदादा कर्डकांची गाणी, प्रल्हाद शिंदे आणि विठ्ठल उमप यांचे आवाज आमच्या घरात आले ते कॅसेटवरूनच. ज्यांना अक्षर ओळखता येत नव्हते त्या बायाही ती गाणी ऐकून बाबासाहेबांचे चरित्र सांगू लागल्या. त्या कॅसेटी बाजारात दुसऱ्या मिळाल्या असत्या. आबांची मात्र एकच होती.

१९९५ साली मी कर्ज काढून जुनी ट्रॅक्स घेतली आणि पाली, हातखंबा, रत्नागिरी असे वडाप सुरू केले. पुढच्या वर्षी पावसाळा संपल्यावर गाडीला टेप बसवला. सेकंडहँड होता, पण चार स्पीकर लावून घेतले. पहिले आठ महिने मी ऐटीत होतो. जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला आणि हातखंब्याच्या चढाला गाडीत रबर जळाल्याचा वास सुटला. डॅशबोर्डखालून धूर येत होता. गाडीत नऊ माणसे, त्यात एक बाळंतीण. सगळ्यांना खाली उतरवले आणि बॅटरीची तार उपसून काढली. त्या दिवशी निभावले.

पुढे रत्नागिरीत एक जुने जाणते वायरमन भेटले. त्यांनी डॅशबोर्ड उघडून मला जवळ बसवले आणि एकेक तार दाखवली. त्यांनी सांगितलेले आजही उपयोगी आहे. टेपची कायम चालू राहणारी तार, बहुतेक टेपना ती पिवळी असते, बॅटरीवरून घ्यायची असेल तर बॅटरीच्या जवळच तिला फ्यूज हवा. तार कुठे घासून बॉडीला लागली तर फ्यूज उडतो आणि गाडी वाचते. फ्यूज उडाला म्हणून त्या जागी तांब्याची तार गुंडाळणे म्हणजे घराची कडी काढून चोराला आत बोलावणे. लाल तार चावीवर घ्यायची, म्हणजे चावी काढली की टेप बंद. काळी तार बॉडीला, पण रंग आणि गंज खरवडून उघड्या लोखंडाला. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस आणि बारा महिने खारी हवा. नुसत्या पिळून जोडलेल्या तारेवर वर्षभरात हिरवा गंज चढतो, जोड सैल होतो, सैल जोड तापतो. म्हणून जोड डाखून घ्यावा आणि वर नळी चढवावी.

माझ्या गाडीत आणखी एक घोटाळा होता. टेपला दोनच स्पीकरची ताकद होती. पहिल्या वायरमनने एकेका लाइनवर दोन दोन स्पीकर जोडले होते. चार ओहमचे दोन स्पीकर असे समांतर जोडले की टेपवर दोन ओहमचा भार पडतो. आवाज मोठा येतो, पण टेप आतून तापत राहतो. दोन बैलांचे ओझे एकावर टाकले तर तो काही दिवस ओढतो, नंतर बसतो. ट्रकवाल्यांनी तर आणखी जपावे. मोठ्या ट्रकची बॅटरी २४ व्होल्टची असते आणि साधा टेप १२ व्होल्टचा. मध्ये कन्व्हर्टर न बसवता जोडला तर तो त्याच क्षणी जातो.

वायरिंग नीट झाल्यावर मी टेपची निगाही शिकलो. कॅसेटची पट्टी ज्या हेडवरून सरकते त्यावर तांबूस भुकटी साचते. त्यात आपल्या रस्त्यांची लाल धूळ. आवाज दबका येऊ लागला की आपण टेपला शिव्या देतो, आणि दोष असतो मळाचा. कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हेड आणि दांडी पुसावी, रबरी चाक जपून पुसावे, वाळू द्यावे, मगच कॅसेट घालावी. डॅशबोर्डवर उन्हात कॅसेट ठेवली की तिचे कवच वाकते. पावसाळ्यात पट्टीवर पांढरी बुरशी धरते, म्हणून कॅसेट झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवावी. आणि जी कॅसेट पुसली जायला नको तिच्या मागच्या दोन्ही चकत्या मोडून टाकाव्यात, म्हणजे तिच्यावर चुकूनही दुसरे काही भरले जात नाही. आबांच्या कॅसेटच्या चकत्या मी त्याच दिवशी मोडल्या. मला वाटले, आता ती सुरक्षित झाली.

भावाचा टू-इन-वन त्याच्याबरोबर मुंबईला परत गेला होता. घरात कॅसेट वाजवायला दुसरे काही नव्हते. आमच्या वाडीपर्यंत तेव्हा रस्ताही नव्हता. गाडी खाली डांबरी रस्त्याच्या कडेला उभी करायची आणि पायवाटेने वर चढायचे. संध्याकाळी शेवटची फेरी करून मी आलो की आठवड्यातून दोनदा-तीनदा आये कंदील घेऊन खाली यायची आणि गाडीत पुढच्या सीटवर बसायची. पहिल्या पहिल्यांदा सगळी गाणी ऐकायची. नंतर म्हणायला लागली, "गानी ऱ्हाऊंदे. शेवटचा लाव." मग मी दुसरी बाजू पुढे पळवायचो. आबा पाणी मागायचे, भांडे वाजायचे, पट्टी संपायची. आये पदराने तोंड पुसून उतरायची आणि म्हणायची, "चल, भाकऱ्या थापायच्या हायत."

इंजिन बंद ठेवून टेप फार वेळ वाजवू नये, बॅटरी उतरते, हे मला माहीत होते. पण तेवढी दहा मिनिटे मी कधी मोजली नाहीत.

२० मार्च १९९९ ला वाडीतली माणसे घेऊन महाडला गेलो. चवदार तळ्यावर अभिवादन करून संध्याकाळी परत निघालो. आता कशेडीला बोगदा झाला आहे, तेव्हा घाटच चढावा लागे. घाटात मी टेप बंद ठेवत असे. वळणावर समोरच्या गाडीचा हॉर्न ऐकू आला नाही तर गाणे काय कामाचे? चिपळूण सोडल्यावर मागून एक म्हातारबाबा म्हणाले, "तुझ्या बापसाचा लाव रे." लावला. सगळी गाडी टाळ्या वाजवत गात होती. मध्यरात्रीनंतर वाडीखाली पोचलो. माणसे उतरली, झोपलेली पोरे खांद्यावर घेतली आणि वर गेलो. कॅसेट टेपमध्येच राहिली.

सकाळी खाली आलो तर डाव्या दाराची काच फुटलेली. डॅशबोर्डला चौकोनी भोक आणि त्यातून लोंबणाऱ्या तारा, पिवळी, लाल, काळी. इतक्या मायेने डाखलेले जोड कुणीतरी एका हिसक्यात तोडले होते.

पोलीस ठाण्यात गेलो. हवालदारांनी चांगले ऐकून घेतले आणि विचारले, "टेपचा नंबर काय?" मला ठाऊक नव्हता. "पावती?" सेकंडहँड घेतला, पावती नव्हती. "काही खूण?" काळा होता, एवढेच सांगता आले. काळे टेप तर गावात शंभर. सापडला असता तरी हा माझाच, हे मी कशावरून सांगणार होतो? चूक माझीच होती. पुन्हा पैसे जमवून टेप घेता येतो. पण आतल्या कॅसेटचे काय, हे तक्रारीत कसे लिहायचे ते मला कळेना. शेवटी लिहिले, "आत एक कॅसेट होती."

आयेला सांगायला तीन दिवस लागले. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, "तुझ्या बहिनीकडं हाय ना एक?"

खरेच होते. माझी बहीण चेंबूरला असते. आबा गेल्यावर तिने भावाच्या टेपवरून एक प्रत काढून घेतली होती. मी रात्रीच्या गाडीने मुंबईला गेलो आणि कॅसेट घेऊन आलो. शेजाऱ्यांचा टेपरेकॉर्डर आणून घरात लावली. पहिली बाजू, गाणी स्पष्ट. दुसरी बाजू लावली. एक गाणे, दुसरे गाणे, आणि गाण्याच्या मध्येच खट करून पट्टी संपली. मी उलटून पालटून पाहिले. बहिणीने प्रत काढली होती ती साठ मिनिटांच्या कॅसेटवर. नव्वदच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची, साठची तीस मिनिटांची. दर बाजूची शेवटची पंधरा मिनिटे उतरलीच नव्हती. गाणी बरीचशी मिळाली. पाणी मागणारा आवाज गेला.

कुणी काही बोलेना. आये उठली, माठाकडे गेली, भांडे भरून आणून आबांच्या फोटोखाली ठेवले आणि म्हणाली, "म्होरचं मला ठावं हाय."

त्या वर्षी मी दुसरा टेप घेतला तो पुढची पट्टी काढून खिशात घालता येते असा. आता माझा मुलगा गाडी चालवतो. वाडीपर्यंत रस्ता झाला, गाडी दारात उभी राहते. त्याच्या गाडीत कॅसेट नाही, पेन ड्राइव्ह आणि मोबाइल आहे. पण मी त्याला सांगतो ते तेच आहे. पट्टी निघत असेल तर दर वेळी काढ, आणि सीटखाली लपवू नको, चोर पहिला हात तिथेच घालतो. गाडी उजेडात लाव. पावती जपून ठेव, यंत्राचा नंबर वहीत लिही आणि आत कुठेतरी आपली खूण कोरून ठेव. बाहेरून बसवलेल्या टेपची विम्यात वेगळी नोंद करून घे, नाहीतर भरपाई मागताना अडचण येते. चोरी झालीच तर आधी तक्रार, मग दुरुस्ती.

आवाजाचेही सांगतो. ८५ डेसिबलचा आवाज रोज आठ तास कानावर पडला तर कानाला धोका सुरू होतो, आणि पुढे दर तीन डेसिबलला ती मुदत निम्मी होते. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन. दिवसभर गाडीत बसणाऱ्या ड्रायव्हरचे कान कमावते असतात, ते जपले पाहिजेत. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. जयंतीच्या मिरवणुकीत आपलीच आजारी माणसे, परीक्षेची पोरे घरात असतात, हे टेम्पोवर भोंगे बांधणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. आबा भोंग्याशिवाय गायचे आणि वरच्या वाडीपर्यंत ऐकू जायचे.

आणि शेवटची गोष्ट. ज्यांच्या घरी आईबापांचा, आजीआजोबांचा आवाज जुन्या कॅसेटवर आहे, त्यांनी या रविवारी तो डबा उघडावा. पट्टीवर बुरशी असेल तर लगेच वाजवू नये, जाणकाराकडून साफ करून घ्यावी. मग ती पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावी. एक प्रत घरात, एक मुंबईच्या नातेवाइकांकडे, एक आणखी कुणाकडे. उतरवताना पहिल्यापासून पट्टी थांबेपर्यंत सगळे उतरवावे. गाणे संपले म्हणून बटण दाबू नये.