कर्ली आणि कुरळे

माझी धाकटी नात आठ वर्षांची आहे. तिचे केस अतिशय कुरळे. रोज सकाळीं तिची आजी त्यांत खोबरेल जिरवून दोन घट्ट वेण्या घालते, आणि शाळा सुटेपर्यंत निम्मे केस बंड करून कपाळावर आलेले असतात. गेल्या महिन्यांत तिनें इंग्रजीच्या वहींत 'माय हेअर इज कर्ल्ड' असें वाक्य लिहिलें. मीं शेवटचा शब्द खोडून 'कर्ली' केला. "दोन्हींत फरक काय, आजोबा?" तिनें विचारलें.

फरक आहे, आणि तो ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. जे केस मुळांतच वळलेले, ते 'कर्ली'. जे कोणी तापलेल्या सळईनें किंवा गुंडाळ्या बांधून वळविले, ते साधारणपणें 'कर्ल्ड'. पहिलें विशेषण, दुसरें धातुसाधित. धातुसाधितांत कोणाचा तरी हात दिसतो. केसांना नुसता बांक असेल तर 'वेव्ही', आणि पावसाळी हवेंत ते पिंजल्यासारखे फुलले तर 'फ्रिझी'. मात्र इंग्रजांचा 'कर्ली' केसांवर थांबत नाहीं. डुकराचें शेपूट, केल नांवाच्या भाजीचीं चुणीदार पानें, इतकेंच काय, गणितांतला महिरपी कंस, हीं सारीं त्यांच्या लेखीं 'कर्ली'च! आपण कंसाला कुरळा म्हणणार नाहीं. आपल्याला तेथें देवघराची महिरप दिसते. मला आपलें नांव अधिक आवडतें, हें सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

एवढ्यावर मी थांबलों असतों तर बरें झालें असतें. पण तीस वर्षांची शिकविण्याची संवय! "आणि हा शब्द मूळचा आपलाच, बरें का! संस्कृत कुरुल, मराठी कुरळ, त्यावरूनच इंग्रजी कर्ल." नात म्हणाली, "पण तो त्यांच्याकडे गेला कसा?"

वाचकहो, या साध्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतें. वर्गांत तो मला कोणींच विचारला नव्हता, आणि मीं स्वतःलाही विचारला नव्हता. रात्रीं कोश उघडले. चौदाव्या शतकांतील इंग्रजींत हा शब्द 'क्रुल' असा होता. चॉसरनें 'कँटरबरी टेल्स'च्या प्रस्तावनेंत एका तरुण स्क्वायरच्या केसांना तोच लावला आहे. डच भाषेंत आजही केसांच्या वळणदार बटेला 'क्रुल' म्हणतात. पुढें इंग्रजींत रेफानें जागा बदलली आणि 'क्रुल'चा 'कर्ल' झाला. 'हिंस्' धातूपासून सिंह झाला असें वैयाकरण सांगतात, लखनौला कोणी नखलौ म्हणतात, तसाच हा वर्णविपर्यय.

आमच्या कुरळाचें घराणें निराळें. कानडींत आणि तामिळींतही 'कुरुळ' म्हणजे केसांची बट. संस्कृतांतील 'कुरुल' द्राविडी भाषांतूनच आला, असें कित्येक पंडितांचें मत आहे. म्हणजे ज्या शब्दाचा मीं संस्कृताच्या मोठेपणासाठीं झेंडा केला, तो संस्कृतानेंही शेजाऱ्याकडून घेतलेला! वास्तविक संस्कृताला स्वतःचे शब्द कमी का आहेत? अमरकोशांत अराल, ऊर्मिमत्, कुंचित, कुटिल, वक्र हे सारे एकाच पंगतीला बसले आहेत. त्यांतला 'कुटिल' काव्यांत सुंदरीच्या केसांना शोभत असे. मराठींत येऊन तो बिचारा केवळ खलपुरुषांच्या वाट्याला गेला.

नातीला मीं दुसऱ्याच दिवशीं खरें काय तें सांगितलें. वेणींतून निसटलेली बट बोटाला गुंडाळीत ती म्हणाली, "म्हणजे ते नुसते सारखे दिसतात, नातेवाईक नाहींत." तिचें समाधान झालें.

माझें झालें नाहीं. माझा एक जुना विद्यार्थी आज इंग्रजीचा शिक्षक आहे. माझ्या निरोपसमारंभांत त्यानें मोठ्या प्रेमानें सांगितलें होतें कीं, दरवर्षीं नव्या वर्गाचा आरंभ तो 'सरांच्या कुरळ्या शब्दानें' करतो. तेव्हां मला डोळे पुसावे लागले होते. आतां त्याला पत्र लिहिणें प्राप्त होतें. तरी मीं तीन दिवस टाळाटाळ केली. चवथ्या दिवशीं लिहिलें. त्याचें उत्तर आलें: "सर, चूक समजली. पण हें ऐकतांना मुलांचे चेहरे असे खुलतात, कीं काय सांगूं! यंदाच्या वर्गाला तर सांगूनही झालें आहे. पुढील वर्षापासून गाळीन."

मीं त्यास उलट टपालीं कळविलें कीं, यंदाच्याच वर्गाला पुन्हां सांगावें, आणि चूक सरांची होती हेंही सांगावें. रेफाची उडी फळ्यावर लिहून दाखविली तर मुलांना तीही गंमत वाटेल. त्याला आतां बारा दिवस झाले. पोस्टमन रोज आमच्याच गल्लींतून जातो.