कामटीवरच्या खुणा

तांडीच्या पंपावर पाटी आहे: पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. चंद्रा आणि भागा इथे एकमेकींना मिळतात आणि चंद्रभागा होऊन पुढे जातात. तीच पुढची चिनाब. नाव ऐकून पंढरपूर आठवलंच. सप्टेंबर २०२१. मी बाबांच्या जुन्या बुलेटवर आणि मामेभाऊ त्याच्या नव्या गाडीवर, मनालीहून लेहला निघालो होतो. अटल बोगद्यामुळे रोहतांगचा घाट टळला होता. लेहच्या पस्तीसेक किलोमीटर अलीकडे कारूला पंप आहे हे ठाऊक होतं, तरी तिथवर सव्वातीनशेच्या वर अंतर होतंच.

बुलेटला पेट्रोलचा काटा नाही. ट्रिप मीटरही नाही. बाबांनी त्यावर दोन उपाय करून ठेवलेत. एक वही आणि एक बांबूची कामटी. वहीत टाकी फुल केली त्या वेळचं रीडिंग आणि किती लिटर बसलं ते. कामटी त्यांनी स्वतः तासलेली. रिकाम्या टाकीत एकेक लिटर मोजून ओतायचं, कामटी बुडवायची, ओल चढेल तिथे चाकूने खाच पाडायची. अशा चौदा खाचा. दुसऱ्या खाचेपाशी त्यांनी लाल दोरा गुंडाळलाय, कारण तिथे रिझर्व्ह लागतं. रिझर्व्ह म्हणजे वेगळी टाकी नव्हे. कॉकची एक नळी टाकीत उंच उभी असते. पेट्रोल तिच्या तोंडाखाली उतरलं की गाडी आचके देते. कॉक फिरवला की खालचं भोक उघडतं आणि तळाचं पेट्रोल मिळू लागतं.

तांडीला रीडिंग ४७,३१८. टाकी काठोकाठ चौदा लिटर, शिवाय मागे बांधलेला पाच लिटरचा कॅन. पहिली रात्र जिस्पाला काढली, दुसऱ्या दिवशी दारचावरून बारालाचा चढलो. ही खिंड १६,००० फुटांवर. हवा विरळ, पण कार्बुरेटरला त्याचा पत्ता नसतो, तो पेट्रोल सोडतच राहतो. इंजिन जड झालं, धूर काळपट झाला, चढ दुसऱ्या गिअरवर काढावे लागले. घरी बत्तीसचं ॲव्हरेज देणारी गाडी इथे चोवीसवर येईल असं मी धरून चाललो होतो. भावाच्या गाडीत फ्युएल इंजेक्शन, ती हवेप्रमाणे पेट्रोल बेतते. तिचा काटा मात्र चढावर एक सांगे, उतारावर दुसरं. टाकीतलं पेट्रोल कलतं तसा आतला तरंगता गोळा हलतो, त्याला ती तरी काय करणार.

सर्चूला तंबूत पोचलो तेव्हा अंधार पडला होता, डोकं ठणकत होतं. पहाटे बाहेर आलो तो पेट्रोलचा वास. गाडीखालची माती ओली. कॉक रात्रभर उघडाच राहिला होता. कार्बुरेटरच्या सुईत कचरा अडकला असणार, पेट्रोल वाहून गेलं. बाबा गाडी लावताना किल्लीच्या आधी कॉक बंद करतात. लहानपणापासून पाहिलेली गोष्ट मी नेमकी इथे विसरलो, याचं फार वाईट वाटलं.

“दादा, किती गेलं असेल?” भावाने विचारलं. वहीवरून ते कळणार नव्हतं. गाडी डबल स्टँडवर घेतली आणि कामटी सरळ आत सोडली. सहा. ११५ किलोमीटरला पाच धरले, तरी तीन लिटर मातीत गेले होते. पेट्रोल इंजिनात तर उतरलं नाही ना, म्हणून ऑइलची पातळी पाहिली, ती ठीक होती. कार्बुरेटरची वाटी उघडून साफ केली, कॅन पूर्ण रिकामा केला. कामटी अकराच्या खाचेपर्यंत भिजली. वहीत नवी ओळ लिहिली: सर्चू, ४७,४३३, अकरा लिटर.

गाटा लूप्सची एकवीस वळणं, नकी ला, लाचुलुंग ला, मग पांग. प्रत्येक थांब्यावर भाऊ कामटी पुढे करायचा, मी खाच वाचायचो, तो आकडा लिहायचा. मोरेच्या पठारावर रस्ता सरळसोट, तिथे चौथ्या गिअरवर एकसारख्या वेगाने गेलो, रेस वाढवली नाही. तांगलांग लाच्या चढावर पुन्हा खर्च वाढला. उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडून द्यावी असं मनात आलं, पण तसं केलं नाही. गिअरमधलं इंजिन गाडी आवरून धरतं, म्हणून एवढ्या उताराचा सगळा भार नुसत्या ब्रेकवर येत नाही.

उपशीच्या दोनच किलोमीटर अलीकडे, ४७,६३४ला, गाडीने आचका दिला. हात आपोआप कॉककडे गेला. सिंधू दिसू लागली तेव्हा इंजिन पुन्हा एकसुरात चालत होतं. “लाल दोऱ्यापाशीच लागलं बघ,” मी ओरडून सांगितलं.

कारूला रीडिंग ४७,६५०. टाकीत १२.७ लिटर बसलं. म्हणजे २१७ किलोमीटरला ९.७, ॲव्हरेज बावीसच्या थोडं वर. भावाने वही माझ्या हातून घेतली आणि त्याच्या गाडीचे आकडेही खाली लिहिले.

रात्री लेहच्या मुक्कामी झोपण्यापूर्वी टॉर्च घेऊन खाली गेलो. कॉक बंद होता. गाडीखाली हात फिरवून पाहिला, फरशी कोरडी होती.