गाव करील ते

माणसं परत यावीत म्हणून काय करावं, हा प्रश्न काही डोक्यातून जात नाही. 2001 ते 2011 या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या 16 टक्क्यांनी वाढली आणि रत्नागिरी जिल्ह्याची जवळपास 5 टक्क्यांनी घटली. खुद्द रत्नागिरी शहरात तेव्हा 76 हजारांच्या आसपास माणसं. कारखाने आणा, कॉलेजं काढा, चांगलं इस्पितळ द्या, सगळं खरंच. 1998 साली कोकण रेल्वेही सुरू झाली. चाकरमान्यांना गणपतीला येणं सोपं झालं, आणि परत जाणंही.

गाव करील ते राव काय करील, असं आपण म्हणतो. मला ही म्हण नेहमी पटत आली. पण गावच मुंबईला गेलं असेल तर? मंडळाची बैठक परळला नाहीतर विरारला भरते, देवळाची वर्गणी तिथेच जमते, शिमग्याला पालखी नाचवायला कोण कोण जाणार तेही तिथेच ठरतं. म्हणजे गाव करतंच आहे. इथे वाडीत मात्र दारांना कुलपं, आणि पावसात गंजू नयेत म्हणून कुलपांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधलेल्या. मग रावानेच काही करावं का?

राव म्हटलं की मला थिबा राजा आठवतो. ब्रह्मदेशाचं राज्य बुडाल्यावर इंग्रजांनी 1886 साली त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं, 1910 मध्ये राजवाडा बांधून दिला. 1916 मध्ये तो इथेच वारला. पुढे कुटुंबाला मायदेशी जाऊ दिलं. थोरली राजकन्याही गेली, आणि पुन्हा रत्नागिरीला आली. राजाकडे नोकरीला असलेल्या एका मराठी माणसापासून तिला मुलगी झाली होती. ती मुलगी इथेच वाढली, मराठी बोलली, इथेच तिने गरिबीतला संसार केला. राजकन्याही 1947 मध्ये इथेच, हलाखीत गेली.

बापाला राजवाडा दिला, तनखा दिला, तरी तो कैदीच राहिला. मुलीला कुणी राजवाडा दिला नाही, तरी ती आली. ही ओढ कुठल्या योजनेत बसवायची? आधी रोजगार, मग माणसं आपोआप येतील, असं मी आजवर धरून चाललो होतो. तिला इथे कुठला रोजगार होता? पण तिच्यासारखं कुणी इथे येऊन दिवस काढावेत, असंही मला म्हणवत नाही.